यंत्रवाद्य आणि झाडीपट्टीचा रंगमंच

धानाची कापणी आटोपून खळ्यावरची रास घरात येऊ लागली, की वैनगंगेच्या काठच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत, तसेच त्यांना लागून असलेल्या भंडारा-गोंदियाच्या मुलुखात, म्हणजेच झाडीपट्टीत, भाऊबीजेपासून थेट होळीपर्यंत नाटकांचा जो हंगाम चालतो, त्याची यथार्थ कल्पना पुण्या-मुंबईच्या नाट्यरसिकास अद्यापि नाही, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. दिवसा मंडईचा बाजार किंवा शंकरपटाच्या शर्यती, आणि रात्री नाटक, हा येथला परिपाठ. रात्री दहाच्या सुमारास उभे राहिलेले नाटक पहाटेपर्यंत चालते. प्रेक्षक तिकीट काढून, चादरी-घोंगड्यांसह, सहकुटुंब येतात आणि नाटक पसंत पडले नाही तर तसे स्पष्ट सांगून जातात. या साऱ्या व्यवहाराचे मुख्य ठाणे वडसा. सरकारी दप्तरात या गावाची नोंद देसाईगंज अशी असली, तरी रेल्वेच्या फलकावर आणि लोकांच्या तोंडी ते वडसाच आहे. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या येथे आहेत, प्रयोगांच्या तारखा येथे ठरतात आणि बयाणाही येथेच मोजून घेतला जातो. २०२३ साली येथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची वार्ता बाहेरच्या महाराष्ट्राच्या कानी प्रथमच पडल्यासारखी झाली.

नटांविषयी आणि नाटकांच्या लांबलचक भावनाप्रधान शीर्षकांविषयी पुष्कळ लिहिता येईल. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय रंगमंचाच्या कडेला बसणारे वादक आणि त्यांच्यापुढे अलीकडे येऊन बसलेले एक यंत्रवाद्य, एवढाच मर्यादित आहे. दंडार आणि खडीगंमत या येथल्या जुन्या लोकनाट्यांत ढोलकी, डफ, तुणतुणे आणि टाळ यांवर रात्र निभावत असे. पुढे संगीत नाटकांचा आदर्श समोर ठेवून गावोगावच्या हौशी मंडळींनी नाटके बसविण्यास आरंभ केला, तेव्हा पेटी आली आणि पेटीमागून पायाने भाता चालविण्याचा ऑर्गन आला. १९१३ साली बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, त्यांपैकी टेंबे हे स्वतः पेटीवादनातील मातब्बर असामी होते. एवढ्यावरून नाट्यसंगीतात या विलायती वंशाच्या वाद्याने किती लवकर आपला अंमल बसविला होता, हे ध्यानी येईल. नभोवाणीच्या कारभाऱ्यांनी मात्र १९४० साली पेटीला दरवाजा बंद केला आणि ती बंदी तीन दशके टिकली. आज सिंथेसायझरकडे पाहून नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा इतिहास एकवार आठवावा, म्हणजे परके वाद्य आणि आपले वाद्य यांतील सीमारेषा किती चंचल असते, ते आपोआप कळेल.

विजेवरची स्वरवाद्ये या भागात कॅसिओच्या रूपाने आली. जपानच्या त्या गणकयंत्रे बनविणाऱ्या कंपनीने १९८० साली आपले पहिले कळवाद्य बाजारात आणले आणि पुढे ते नाव असे रुजले, की यामाहाचे वाद्य विकत घेणारा मनुष्यही आपण कॅसिओ घेतला, असेच सांगू लागला. त्यानंतर आघाताचे पॅड आले, ढोलकीशेजारी ऑक्टोपॅडचा स्टँड उभा राहिला आणि अर्धे वादकमंडळ तारांच्या जंजाळात बसू लागले. हंगामाच्या तोंडावर वडशाच्या एका तालमीत मला जे वाद्य जवळून पाहावयास व थोडे हाताळावयास मिळाले, ते याच परंपरेतील, पण एक पायरी वरचे आहे: कॉर्ग कंपनीचे आय-थ्री. कंपनीने ते २०२० साली काढले. या भागातील वादकांच्या हाती मात्र ते अजून नवेच आहे.

हे वाद्य समजून घ्यावयाचे तर त्याची दोन कुळे वेगवेगळी ओळखावी लागतात. पहिले कुळ वर्कस्टेशनचे. एकाच पेटाऱ्यात नाना वाद्यांचे आवाज, त्यांवर घुमारा वगैरे संस्कार करण्याची सोय, तालवाद्ये, आणि वाजविलेले टिपून ठेवून एकावर एक थर चढविणारी स्मरणयंत्रणा, असा हा सरंजाम असतो. कॉर्गच्याच १९८८ सालच्या एम-वन या वाद्याने हा प्रकार जगभर रूढ केला. दुसरे कुळ अरेंजरचे. यात डाव्या हाताने स्वरसंघ दाबावा, आणि यंत्राने त्या स्वरसंघास अनुसरून तबकडीगत तयार ठेका, खर्जाची चाल, गिटार आणि तंतुवाद्यांचे भरणे, हे सारे आपल्या आपण वाजवावे, अशी योजना असते. उजवा हात गाण्याची चाल वाजविण्यास मोकळा राहतो. पहिले कुळ संगीतकाराच्या खोलीत शोभणारे, दुसरे लग्नमंडपात पोट भरणारे. म्हणून वर्कस्टेशनवाले अरेंजरवाल्यांना थोडे कमी लेखतात, आणि अरेंजरवाले त्यांच्यापेक्षा अधिक कार्यक्रम करतात.

गंमत अशी, की कॉर्ग कंपनीचा जन्मच या दुसऱ्या कुळाच्या निकडीतून झाला. टोकियोत त्सुतोमु कातो नावाच्या गृहस्थांचा रात्रीचा क्लब होता आणि तेथे तादाशी ओसानाई हे अकॉर्डियन वाजवीत. साथीला माणूस नसे. वुर्लिट्झर कंपनीने १९५९ साली काढलेले साइडमन हे ठेका धरणारे यंत्र असे. त्या यंत्रावर ओसानाई असंतुष्ट होते. याहून सरस यंत्र आपण करू, भांडवल तुम्ही घाला, असे त्यांनी कातोंना पटविले आणि १९६३ साली डोंकामॅटिक नावाचे ठेकायंत्र बाहेर पडले. म्हणजे एकट्या वादकास साथ कोणी करावी, हा आमच्या मंडईतला प्रश्नच या कंपनीच्या मुळाशी आहे. १९९३ साली कंपनीने आय-थ्री याच नावाचे वाद्य काढून दोन्ही कुळांचा संबंध जोडला. माझ्यापुढे आले ते त्या नावाचे दुसरे वाद्य.

प्रथमदर्शनी मनावर ठसते ते त्याचे हलकेपण. एकसष्ट पट्ट्यांचे, म्हणजे पाच सप्तकांचे हे वाद्य वजनाने साडेचार किलोच्या आसपास आहे. ज्यांनी पायभात्याचा ऑर्गन बैलगाडीत चढविला आणि उतरविला, त्यांना याचे मोल सांगणे नलगे. ते वेळप्रसंगी सेलवर चालते, ही गोष्ट आमच्याकडे चैनीची नसून निकडीची आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून २९२० मेगावॅट क्षमतेने वीज निर्माण होते खरी, पण भर प्रयोगात जनित्र खोकू लागले तर त्या आकड्याचा रंगमंचावरील नायिकेला काही उपयोग नसतो. वाद्याला स्वतःचे ध्वनिक्षेपक नाहीत. लाउडस्पीकरवाल्याच्या मर्जीवर सर्वस्वी विसंबावे लागते, हे त्याचे पहिले न्यून. आवाज सातशे नव्वदच्या वर, तालवाद्यांचे संच एकोणसाठ, स्टाईली, म्हणजे तयार साथीचे साचे, दोनशे सत्तर, आणि प्रत्येक स्टाईलची चार रूपे, असा हिशेब आहे. आकडे भरघोस आहेत. पण नाटकाच्या एका रात्रीत यांपैकी दहा-पंधरा आवाज उपयोगी पडतात, आणि ते अंधारात बोटाखाली सापडणे हे उरलेल्या सातशेंहून महत्त्वाचे आहे.

पेटीवर आयुष्य घालविलेल्या हाताला या पट्ट्या प्रारंभी फसवितात. पेटीत पट्टी हळू दाबा वा जोराने, आवाजाचे लहानमोठेपण भात्यावर अवलंबून असते. येथे ते बोटाच्या आघातावर अवलंबून आहे. त्यामुळे ज्या मास्तरांची बोटे पेटीवर पाण्यासारखी फिरतात, त्यांच्या हातून या वाद्यावर मधलेच स्वर अकस्मात क्षीण निघतात आणि मधलेच ओरडतात. उपाय दोन आहेत: आघाताची संवेदना बंद करून पेटी व ऑर्गनचे आवाज वाजवावे, किंवा आवाज कमीजास्त करणारे पायदान जोडून पायाला पुन्हा भात्याची नोकरी द्यावी. दुसरा मार्ग मला अधिक पसंत पडला. मींडेसाठी डाव्या हाताशी एक दांडी आहे. ती आडवी ढकलली की स्वर सरकतो. बासरी किंवा सारंगीच्या आवाजात तिचा जपून उपयोग केला तर करुण प्रसंगाला चांगला उठाव येतो. उत्साहाच्या भरात ती सतत हलविणाऱ्या तरुणांच्या हातून मात्र नायिकेऐवजी वाद्यच हुंदके देऊ लागते.

स्वरांतराचे बटण हे आमच्या वादकांना सर्वांत प्रिय होईल. गाणारा नट काळी एकमध्ये गातो, त्याच्या पाठोपाठ येणारी नटी काळी चार मागते, आणि तिसऱ्या अंकापर्यंत दोघांचेही गळे बसून पट्टी आणखी खाली येते. अशा वेळी बोटांची सवय न मोडता वाद्याची पट्टी बदलणे ही जुन्या वादकांनी कधी स्वप्नातही न पाहिलेली सवलत आहे. तितकीच मौल्यवान सोय म्हणजे नाटकाच्या अनुक्रमाने आवाज, वेग आणि स्टाईल आधीच लावून ठेवण्याची. संहिता हाती घेऊन प्रवेशागणिक अशी याद करून ठेवली, तर खलनायकाच्या प्रवेशाला चुकून वाङ्‌निश्चयाची सनई वाजण्याचा प्रसंग टळेल.

आता अरेंजरच्या अंगाकडे वळू. दोनशे सत्तर स्टाईलींपैकी बहुतांश पाश्चात्त्य नृत्यसंगीत, जाझ, रॉक अशा घराण्यांच्या आहेत. हिंदी सिनेमाच्या वळणाच्या गाण्याला त्यांपैकी पुष्कळ सहज लागू पडतात, कारण त्या गाण्यांची रचनाच मुळी त्या वळणाने झाली. मुंबईच्या सिनेसृष्टीत सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय वादकांनी अरेंजर म्हणून जे काम केले, म्हणजे संगीतकाराच्या एकेरी चालीखाली स्वरसंघांची आणि वाद्यांच्या भरण्यांची इमारत उभी केली, त्याचीच एक ठोकळेबाज नक्कल हे यंत्र क्षणार्धात करते. रागाधिष्ठित पदाला मात्र ही इमारत जाचते. डाव्या हाताने षड्ज, गंधार, पंचम दाबले, की यंत्र त्या गंधाराचा हट्ट धरून बसते. आणि ज्या पदात गंधार वर्ज्य आहे वा चढउतारात बदलतो, तेथे खालची साथ आणि वरची चाल यांचे उघड भांडण सुरू होते. अशा वाद्यांवर बहुधा चालणारी एक युक्ती सांगून ठेवतो: केवळ षड्ज आणि पंचम दाबावे. तिसरा स्वर न मिळाल्याने यंत्र आग्रह सोडते आणि साथीला तंबोऱ्याजवळचे काही रूप येते. तरीही समविभागी सप्तकाचा मूळ दोष उरतोच. नैसर्गिक शुद्ध गंधारापेक्षा यंत्राचा गंधार सुमारे चौदा सेंटांनी चढा असतो, आणि तयार कानाला तो टोचतो.

यंत्राचा ठेका आणि राग यांची सोयरीक होतच नाही, असे मात्र नव्हे. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्या तबकडीकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहिले नाही, आणि २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले रसिक थक्क झाले. पण सिंग यांनी तयार स्टाईल वापरली नव्हती. तंबोऱ्याची अविरत धार आणि रागाचे चलन यांना अनुसरून त्यांनी यंत्रालाच आपले शिष्यत्व पत्करावयास लावले.

लावणीच्या वेळी खरी परीक्षा होते. झाडीपट्टीच्या नाटकात कथानकाच्या मध्ये नृत्यगीते येतात आणि प्रेक्षक त्यांची वाट पाहत असतात. लावणीची लय एकसारखी नसते. ती चढत जाते, अडते, नर्तकीच्या पायाकडे पाहून पुन्हा उसळते. ढोलकीवाला तिच्या घुंगरांकडे पाहून तोडा लांबवितो. वन्समोअर आला तर विनासायास मुखड्यावर येतो. यंत्राचा वेग चक्री फिरवून वाढविता येतो, भरणीचे बटण आहे, समाप्तीचे बटण आहे. परंतु ही सारी हुकूमबजावणी वादकाने आगाऊ करावयाची असते, आणि नर्तकी काही आगाऊ वर्दी देत नाही. तालमीत हे मी प्रत्यक्ष पाहिले: ढोलकी थांबवून केवळ स्टाईलवर नाच बसविला, तेव्हा मुलगी यंत्रामागून धावू लागली. ढोलकी सुरू होताच यंत्राचा ठेका बंद करून फक्त खर्ज व तंतुवाद्ये हातांनी वाजविली, तेव्हा तोच नाच पुन्हा श्वास घेऊ लागला. तालमीतील एक बुजुर्ग वादक मला म्हणाले, “भाऊ, मशीन चुकत नाही, हेच तिचं चुकते.” यावर माझ्याने उत्तर देववले नाही.

गोंडी आणि माडिया वस्त्यांतील रेला गीतांचे तुकडे हल्ली काही नाटकांत घेतले जातात. त्यांना स्वरसंघांची साथ लावण्याचा मोह वादकांनी आवरावा, असे मला स्पष्टपणे सुचवावेसे वाटते. ढोल आणि पायांचा ठेका त्यांना पुरेसा आहे.

देखभालीविषयी दोन शब्द. पौष-माघातील आमच्या रात्री दवाने ओल्या असतात. वाद्य उघड्यावर ठेवून वरून कापड टाकले, तरी पहाटे पट्ट्यांवर ओल जमते, आणि उन्हाळ्यात चंद्रपूरकडील कोळशाची धूळ फटींतून आत शिरते. जनित्राची वीज थेट न देता मध्ये दाबनियंत्रक अवश्य ठेवावा. वाद्य बिघडल्यास नागपूर गाठावे लागते, आणि हंगामात रोज प्रयोग असताना ते परवडत नाही. तेव्हा जुना कॅसिओ विकून टाकण्याची घाई कोणी करू नये.

माझा अभिप्राय थोडक्यात असा. पार्श्वसंगीत, पट्टीबदल आणि प्रवेशवार योजना यांसाठी हे वाद्य झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांनी अवश्य घ्यावे. त्याची वर्कस्टेशनची बाजू येथे सोन्याच्या मोलाची आहे, आणि अरेंजरची बाजू सिनेवळणाच्या गाण्यांपुरती पुरेशी आहे. पण यंत्र ठेका धरते, एवढ्या सबबीवर कोणत्याही कंपनीने वा गावच्या मंडळाने ढोलकीवाल्याची बिदागी कापू नये, ही त्यांना विनंती.