रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील ब्राँझ नाणी कशी ओळखावीत?

इतिहास म्हटला की राजेमहाराजांची सोन्याची नाणी आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु सामान्य कष्टकऱ्याच्या हातातून फिरते ती चिल्लर. चौथ्या शतकातील रोमन साम्राज्याची अशी लहान ब्राँझ नाणी ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत विपुल सापडतात. तमिळनाडूत आणि श्रीलंकेतही ती मोठ्या संख्येने मिळाली आहेत. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीही ती वाचायला शिकावे, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे नाणे घासू नये. घरातील तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने लख्ख करतो. तसे केल्यास नाण्यावरील अक्षरेच निघून जातील. प्रथम व्यास व वजन नोंदवावे आणि मग भिंग घेऊन बसावे.

पुढील बाजूस सम्राटाचा मुखवटा असतो. या काळात बहुधा डोक्याला मोत्यांचा पट्टा दिसतो. चेहरे ठरावीक साच्याचे असल्याने चेहऱ्यावरून नाव ठरवू नये. भोवतालच्या मुद्रालेखात आरंभी ‘डी एन’ (आमचे स्वामी) व शेवटी ‘पी एफ ए यू जी’ ही बिरुदे पुष्कळदा येतात; नाव या दोहोंच्या मध्ये असते. कॉन्स्टंटाइनच्या मुलांची नावे कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टॅन्शियस व कॉन्स्टन्स अशी होती. दोन अक्षरे झिजली की बाप व मुलगे यांत घोटाळा झालाच!

नाव पुसले गेले तरी निराश होऊ नये. मागील बाजूचे चित्र काळ सांगते. दोन सैनिक व त्यांच्यामध्ये दोन ध्वज असतील तर नाणे सुमारे इ. स. ३३० ते ३३५ चे. ध्वज एकच असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतले. पडलेल्या घोडेस्वारास भाला मारणारा सैनिक इ. स. ३४८ नंतर दिसू लागतो. कैद्याला ओढणारी आकृती दिसली तर पंख शोधावेत. पंख असल्यास ती विजयदेवता, म्हणजे शतकाच्या अखेरचे नाणे. नसल्यास तो सम्राट, आणि नाणे बहुधा इ. स. ३६४ ते ३७८ मधले.

चित्राखालच्या आडव्या रेषेखाली टांकसाळीची खूण असते. ‘ए एल ई’ म्हणजे अलेक्झांड्रिया, ‘ए एन टी’ म्हणजे अँटिऑक, ‘टी ई एस’ म्हणजे थेस्सलोनिका. सोबतचे एखादे अक्षर त्या टांकसाळीतील कार्यशाळेचे असते.

श्रीलंकेत या नाण्यांच्या स्थानिक नकलाही निघाल्या. त्यामुळे अक्षरे वेडीवाकडी दिसली तर ती सुधारून वाचू नयेत. दिसते तेवढेच लिहावे. उरलेली जागा कोरी ठेवावी. कल्पनेने भरलेले नाव पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करते.

शेवटी एक विनंती. नाणे कोठे, कोणत्या थरात मिळाले ही नोंद नाण्याइतकीच मोलाची आहे. ती हरवली की पुरावा मुका होतो. आपल्या देशात जमिनीत असा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ज्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही, त्यांच्या व्यवहाराची साक्ष ही चिल्लर देते. ती साक्ष आपल्या हातून पुसली जाऊ नये.