फेर्माची सहावी संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटि एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्त्याण्णव ही संख्या प्रथम कागदावर मांडून घ्या : ४,२९,४९,६७,२९७. एका थोर गणितज्ञाचा अंदाज हिनें खोटा ठरविला.

दोनांचा वर्ग चार, चारांचा सोळा, सोळांचा २५६, त्याचा ६५,५३६. दोनांपासून या प्रत्येक संख्येंत एक मिळविला कीं ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पांचहि मूळ संख्या आहेत. एक आणि ती स्वतः यांवांचून अन्य कोणत्याहि पूर्णांकानें त्यांना निःशेष भाग जात नाहीं. फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायसभेचा सभासद पिएर द फेर्मा फावल्या वेळीं गणित करी. ही परंपरा कितीहि लांबविली तरी मूळ संख्याच मिळतील, असें त्यानें १६४० सालीं एका पत्रांत लिहिलें. सिद्धता जवळ नसल्याचेंहि प्रांजळपणें सांगितलें.

परंपरेंतील सहावी संख्या ती आपली. लिओनार्ड ऑयलर यानें १७३२ सालीं दाखविलें कीं, तिला ६४१ नें भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो.

दोनांपासून क्रमानें एकेक मूळ संख्या लावून पाहणाऱ्यास ६४१ ही एकशें सोळावी लागेल. परंतु आपल्या संख्येचा कोणताहि मूळ भाजक घेतला, तरी त्याला ६४ नें भागल्यास बाकी एकच राहिली पाहिजे. अशा मूळ संख्या थोड्या : १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पांचव्या भागाकारांतच निकाल! आणि नवल असें कीं, हा नियम ज्या सिद्धांतांतून निघतो, तो फेर्मानेंच त्याच वर्षीं एका पत्रांत कळविला होता. हत्यार घरांत होतें. तें येथें चालवावें हें त्याला सुचलें नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

ज्यांना लांबलचक भागाकाराचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठीं एक जवळची वाट आहे. ६४० ही ६४१ हून एकानें उणी. म्हणून ६४० च्या वर्गाचा पुन्हा वर्ग केला, तर ६४१ नें भागून बाकी एक राहते. आतां ६४० म्हणजे पांच गुणिलें १२८. पांचाच्या वर्गाचा वर्ग ६२५, आणि ६२५ ही ६४१ हून सोळांनीं उणी. तेव्हां बाकीपुरतें पाहतां ६२५ च्या जागीं उणे सोळा घेतां येतात. १२८ च्या वर्गाच्या वर्गाला सोळांनीं गुणा. बरोबर ४,२९,४९,६७,२९६ येतात. हीच संख्या उणी धरली असतां बाकी एक राहते; अर्थात् तींत एक मिळविल्यास कांहींच उरत नाहीं.

पांचव्या संख्येनंतर या परंपरेंत एकहि मूळ संख्या अद्याप आढळलेली नाहीं. एकविसावी संख्या तर ३,१५,६५३ अंकांची आहे. ती मूळ नाहीं हें १९८७ सालीं यंत्रगणनेनें सिद्ध झालें, आणि तें सुद्धां तिचा एकहि भाजक हातीं नसतांना.