नवजात अर्भकांतील श्वसनमार्गाचे व्हायरसजन्य संक्रामण

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या अर्भकाला नवजात म्हणतात. या वयात श्वसनमार्गाला उपद्रव देणाऱ्या व्हायरसांत रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, संक्षेपाने आरएसव्ही, विशेष महत्त्वाचा आहे. इन्फ्ल्यूएंझा, पॅराइन्फ्ल्यूएंझा, ऱ्हायनोव्हायरस इत्यादींचेही संक्रामण होते. आरएसव्ही हा १९५६ मध्ये अमेरिकेतील सर्दी झालेल्या चिंपँझींपासून प्रथम मिळाला व १९५७ मध्ये रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांचे सहकारी यांना तो आजारी अर्भकांतही आढळला. संक्रामित कोशिका शेजारच्या कोशिकांशी एकजीव होऊन अनेक केंद्रकांचा मोठा पुंजका बनतो, यावरून त्याचे नाव पडले.

प्रौढात हा व्हायरस बहुधा साधी सर्दी उत्पन्न करतो. नवजातात तोच प्राणघातक ठरू शकतो. याचे कारण मुख्यतः श्वसनमार्गाच्या आकारमानात आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहाला होणारा रोध सोळापट वाढतो. त्यामुळे सूज आणि श्लेष्मा यांचा जो पातळ थर प्रौढाला जाणवतही नाही, तो अर्भकाच्या सूक्ष्म श्वासनलिका जवळजवळ बंद करतो. नवजात अर्भक प्रामुख्याने नाकाने श्वास घेते. म्हणून नुसते नाक चोंदले, तरी त्याला स्तनपान कठीण जाते. मातेकडून वारेतून मिळणारी प्रतिपिंडे काही काळ संरक्षण देतात. परंतु त्यांचा मोठा भाग गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत गर्भाकडे जातो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकास हा वारसा अपुराच मिळतो.

लक्षणे फसवी असतात. ताप पुष्कळदा नसतो. उलट अंग गार पडू शकते. दूध न ओढणे, सुस्ती आणि मधूनमधून श्वास थांबणे एवढीच चिन्हे प्रारंभी दिसतात व खोकला मागाहून येतो. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे आणि ओठ निळसर होणे ही धोक्याची चिन्हे होत. नवजाताचा श्वास मुळात अनियमित असल्याने तो पूर्ण मिनिटभर व पुन्हा एकदा मोजावा लागतो. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी अल्पशिक्षित कार्यकर्त्यांनाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे साधे श्वासमापक वापरात आणले. अशा मोजणीवरून व्हायरस ओळखता येत नाही, पण धोका ओळखता येतो. जंतुरक्तदोषाची लक्षणेही अशीच असल्याने तो नाही असे ठरेपर्यंत प्रतिजैविके द्यावी लागतात. व्हायरसावर मात्र त्यांचा परिणाम होत नाही.

संक्रामण शिंकेच्या तुषारांनी व त्याहून अधिक दूषित हातांनी पसरते. कठीण पृष्ठभागांवर हा व्हायरस काही तास टिकतो. किरकोळ सर्दी झालेली परिचारिका किंवा घरातले मोठे भावंड अर्भकापर्यंत तो पोहोचवते. बाळ पाहण्यास येणाऱ्या आप्तेष्टांना हात धुण्यास सांगणे अवघड वाटते खरे, पण ते आवश्यक आहे.

आरएसव्हीवर नेहमीच्या वापरातील खात्रीचे औषध नाही. नाक मोकळे ठेवणे, गरजेप्रमाणे ऑक्सिजन व नळीने दूध देणे हेच उपचार होत. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीचा व धुरीचा धूर अशा अर्भकास अपायकारकच असतो.

प्रतिबंधाचा इतिहास दुःखद आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या व्हायरसाची लस अर्भकांना टोचण्यात आली. पुढे नैसर्गिक संक्रामण झाल्यावर लस घेतलेल्यांनाच अधिक तीव्र रोग झाला व त्यांपैकी दोघे दगावले. या आघाताने लसीचे संशोधन कित्येक दशके मागे पडले. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅलिव्हिझुमॅब या तयार प्रतिपिंडास मान्यता मिळाली. परंतु ते महाग असून ऋतुकाळात दरमहा टोचावे लागते. २०१३ मध्ये व्हायरसावरील एफ प्रथिनाची कोशिकेशी संयोग होण्यापूर्वीची रचना उलगडली आणि नवा मार्ग सापडला. त्या रचनेवर आधारलेली व गर्भवतीला द्यावयाची लस, तसेच अर्भकास एकदाच टोचावयाचे निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड या दोहोंना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. २०१९ मध्ये जगात सहा महिन्यांपर्यंतच्या सु. ४५,७०० अर्भकांचे मृत्यू आरएसव्हीमुळे झाले, असा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते.