तंतू शाबूत, तरी इंटरनेट बंद

ग्रामपंचायतीत किंवा शाळेत इंटरनेट बंद पडले की पहिला संशय जातो तो रस्त्याच्या कडेला खोदणाऱ्या जेसीबीवर. पुष्कळदा तो खराही असतो. पण तंतू अखंड आहे, पलीकडचे केंद्र चालू आहे आणि तरी इकडे काही येत नाही, असेही घडते. अशा वेळी शोध घ्यावा तो टोकांना. एक म्हणजे काच काचेला भेटते ती जागा, आणि दुसरी म्हणजे विजेची तार पेटीला जोडली जाते ती.

नागपूर जिल्ह्यातला कुही तालुका घेऊ. मिरचीसाठी ओळखला जाणारा, नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरचा. अशा तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. उद्दिष्ट होते सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचे. पहिल्या टप्प्यातली रचना मोठी साधी आहे. दूरध्वनी केंद्रात एक पेटी, तिच्यातून निघणारा एक तंतू, वाटेत त्याला फुटणाऱ्या फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला गावातली लहान पेटी. वाटेत वीज लागणारे काहीही नाही. फांद्या पाडणारा विभाजक, म्हणजे स्प्लिटर, हा निव्वळ काचेचा तुकडा. तो प्रकाशाचे भाग पाडतो, आणखी काही करत नाही.

मग प्रकाश पुरतो कसा? खिडकीची काच कडेने पाहिली तर ती हिरवट दिसते, कारण हातभर जाडीच्या काचेतूनही प्रकाश नीट पार होत नाही. तंतूची काच इतकी शुद्ध असते, की १५ किलोमीटर गेल्यावरही जवळजवळ ३० टक्के प्रकाश शिल्लक राहतो. ही घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल म्हणजे निम्मा प्रकाश, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा. डेसिबलची बेरीज करता येते, म्हणून हिशेब वर्गातही मांडता येईल.

कुहीपासून तंतूच्या वाटेने १५ किलोमीटरवरचे एखादे गाव कल्पू. तंतूत दर किलोमीटरला ०.३५ प्रमाणे सव्वापाच डेसिबल गेले. एकाचे सोळा करणाऱ्या विभाजकात सुमारे १४. दहा ठिकाणी वितळवून सांधलेल्या जोडांत मिळून १ आणि चार कनेक्टरांत २ धरू. एकूण सुमारे २२. म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा साधारण १६०वा हिस्सा गावात पोहोचतो. या पद्धतीच्या पेट्यांना सामान्यतः २८ डेसिबलपर्यंतची घट चालते. हाताशी उरले ६.

हे ६ डेसिबल खाऊन टाकायला खडूची धूळ पुरेशी आहे. तंतूच्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, त्याचा व्यास असतो जेमतेम ९ मायक्रॉन, रक्तातल्या तांबड्या पेशीहून किंचित मोठा. बोट लागून उमटलेला तेलकट ठसाही त्याला झाकून टाकतो. म्हणून कनेक्टर काढला की लगेच टोपण लावायचे, आणि शर्टाच्या कडेने तो पुसायचा नाही. रंगही पाहावा. हिरव्या कनेक्टरचे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे जवळजवळ सरळ. हिरवा निळ्यात खुपसला तर तो बसतो खरा, पण दोन काचा एकमेकींना टेकत नाहीत.

आणि टोकात डोकावून पाहायचे नाही. गावाकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, अवरक्त, डोळ्याला न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाईलच्या कॅमेऱ्यात दिसतो, हा प्रयोग पुष्कळ शिक्षक करून दाखवतात. पण इथे तोही उपयोगी नाही. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरपलीकडचे दिसत नाही. त्याला काही दिसले नाही म्हणून तंतू अंधारा आहे, असे ठरत नाही.

आता वीज. जुना तारेचा दूरध्वनी भारनियमनातही चालायचा, कारण त्याची वीज केंद्रातल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तांब्याच्या तारेने यायची. काच वीज वाहून नेत नाही. त्यामुळे गावातल्या पेटीची वीज गावातच मिळवावी लागते, आणि त्यासाठी बॅटरी व सौर पॅनेल येतात. आमच्या मते प्रकाशतंतूबरोबर झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

समजा, पेटी १२ व्होल्टवर चालते आणि १२ वॅट घेते. म्हणजे प्रवाह झाला १ अँपिअर. एखादा स्क्रू सैल झाला, त्यावर गंज चढला आणि तिथे १ ओहम रोध तयार झाला, तर १ व्होल्ट त्या जोडावरच संपतो आणि १ वॅट उष्णता तिथे निर्माण होते. तापल्याने जोड आणखी सैल होतो. बॅटरी साडेअकरावर उतरलेली असेल, तर पेटीला मिळतात साडेदहाच, आणि ती पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागते. तेवढीच शक्ती ४८ व्होल्टवर दिली तर प्रवाह पाव अँपिअर होतो आणि त्याच खराब जोडावरची उष्णता सोळाव्या हिश्शावर येते. दूरध्वनी केंद्रांनी ४८ व्होल्ट निवडण्यामागे हेही एक कारण आहे. मोटारसायकलचा १२ व्होल्टचा बल्ब आणि बॅटरी यांच्या मध्ये गंजलेला खिळा जोडला तर हा परिणाम मुलांना डोळ्यांनी पाहता येईल.

उन्हाळा वेगळाच. शिशाच्या बॅटरीचे तापमान दर १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. विदर्भात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखाली कोंडलेल्या बॅटरीचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत तंतूंची कडी करून दोन वाटा देण्याचे ठरले. एक वाट तुटली तरी दुसरी राहील. बॅटरीच्या जोडाला मात्र दुसरी वाट नाही.

म्हणून बंद पडल्यावर आधी पेटीवरचे दिवे पाहावेत. पॉवरचा दिवा स्थिर असून प्रकाश न पोहोचल्याचा लाल दिवा लागला असेल, तर दोष तंतूत किंवा कनेक्टरात. पॉवरचाच दिवा विझून पुन्हा लागत असेल, तर व्होल्टमीटर लावायचा तो पेटी चालू ठेवून आणि पेटीच्या तोंडाशी, बॅटरीवर नव्हे.