पेसमेकरची बॅटरी

स्वीडनच्या आर्ने लार्सन यांची शुद्ध १९५८ साली दिवसातून वीस-तीस वेळा हरपत असे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नव्हता. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिन्यांतल्या ब्लॉकेजशी त्याचा संबंध नाही, बिघाड वायरिंगमधला. लार्सन यांची पत्नी एल्स-मारी हिने शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे लकडाच लावला. एल्मक्विस्टने दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट जुळवलं आणि बुटाच्या पॉलिशची डबी साचा म्हणून घेऊन त्यात इपॉक्सी ओतलं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी हृदयाला ठोके देणारा हा गोळा, म्हणजेच पेसमेकर, ४३ वर्षांच्या लार्सनच्या पोटात बसवला गेला आणि काही तासांतच बंद पडला. मग दुसरा बसवला.

लार्सन ८६ वर्षं जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघंही त्यांच्याआधी गेले. पण आयुष्यभरात लार्सनना एकूण २६ पेसमेकर लागले होते!

इतके का? हृदयाला लयीत ठोका देणं तुलनेनं सोपं निघालं. खरं घोडं बॅटरीपाशी अडलं. सुरुवातीची बॅटरी त्वचेवरून चार्ज करावी लागे. नंतरच्या पारा-जस्ताच्या बॅटऱ्या साधारण दोन वर्षांत संपत, शिवाय त्यांतून वायू सुटत असल्याने यंत्र हवाबंद करता येत नसे. १९७० मध्ये तर चक्क प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. १९७२ च्या सुमारास लिथियम-आयोडीन बॅटरी आली. तिच्यातून वायू सुटत नाही, त्यामुळे टायटॅनियमचं सीलबंद कवच शक्य झालं.

आज फक्त जागा बधिर करून गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद देतात, शिरेतून तार हृदयात सोडतात आणि ती पेसमेकरला जोडतात. बॅटरी आठ-दहा वर्षं सहज टिकते. मांडीच्या शिरेतून थेट हृदयात पोहोचवलेला, दोन ग्रॅम वजनाचा बिनतारी पेसमेकरही आता मिळतो.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. दहनाच्या उष्णतेने ही बॅटरी फुटू शकते. दाहिनीचं नुकसान होतं, जवळच्यांना इजाही होऊ शकते. म्हणून घरातल्या कुणाला पेसमेकर असेल, तर अंत्यसंस्काराआधी डॉक्टरांना सांगून तो काढून घ्या. शॉक देणारं आयसीडी यंत्र असेल तर ते आधी बंद करावं लागतं. हे काम घरच्या घरी करू नका.