मांडवातील महागडा मिररलेस

अमरावती-यवतमाळ मार्गावरील नांदगाव खंडेश्वर हे कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या तालुक्याचे गाव असल्याने तेथील फोटोग्राफरचा हिशोबही पिकाच्या पैशाशी बांधलेला असतो. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन उन्हाळ्यात शिगेला पोहोचणारी लग्नसराई ही त्याची मुख्य कमाई, तर बारसे, सत्कार आणि शाळांची स्नेहसंमेलने ही तिला जोड. अशा व्यावसायिकाने दोन-तीन लाख रुपयांची मिररलेस बॉडी घ्यावी काय, याचा निर्णय माहितीपत्रकावरून होत नाही; त्यासाठी मांडवातील प्रकाश, मे महिन्यातील ऊन आणि वधूपित्याच्या हाती पडणारा अल्बम यांचाच विचार करावा लागतो.

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वळून डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि बटण दाबल्यावर आरसा वर उचलला जाऊन तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. सेन्सर सतत प्रकाश टिपत राहतो आणि ते चित्र दृश्यदर्शकातील छोट्या पडद्यावर दिसते. पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणलेली ही रचना सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरला लावली, आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन यांनीही फुल फ्रेम मिररलेस बाजारात आणले. चेहरा व डोळा ओळखून फोकस त्यावर टिकवून ठेवणे, ही या रचनेची खरी देणगी होय. अंधारातल्या वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाच्या मागे धावणाऱ्या फोटोग्राफरला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मेगापिक्सेलचा मोह मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. लग्नाच्या अल्बमचे उघडलेले पान बहुधा १२ × ३६ इंचांचे, म्हणजे एक बाजू १२ × १८ इंचांची असते. दर इंचाला ३०० ठिपके धरले तर एका बाजूस ३६०० × ५४०० ठिपके, म्हणजे सुमारे १९.४ मेगापिक्सेल पुरतात, आणि २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० ठिपके देतोच. त्यातही एका पानावर सहसा चार-पाच फोटो बसवले जातात. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, साधारण ४५ मेगाबाइटची भरते. ३००० फोटोंच्या एका लग्नाला १३५ गिगाबाइट जागा आणि त्या वजनाने दमणारा स्टुडिओतला संगणक, असा हा छुपा खर्च आहे.

त्याहून गंभीर बाब उष्णतेची. सेन्सर, पडदा आणि प्रोसेसर सतत चालू राहत असल्याने मिररलेस मुळातच अधिक तापतो. कॅननचा ईओएस आर५ २०२० मध्ये आला तेव्हा ८के चित्रीकरणाची मर्यादा सुमारे २० मिनिटे सांगितली गेली होती, आणि तीही २३ अंश तापमानात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश छापलेली असते, तर वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या मंगल कार्यालयातील दुपारच्या मुहूर्ताची कल्पना कोणत्याही कारखान्याने केलेली दिसत नाही. बॅटरीचेही तसेच. जपानी उत्पादक संघटनेच्या प्रमाणित चाचणीनुसार निकॉन डी८५० हा डीएसएलआर एका बॅटरीवर १८४० फोटो काढतो, तर आर५ दृश्यदर्शकातून पाहून काढल्यास सुमारे ३२०. प्रत्यक्ष कामात दोन्ही आकडे वाढतात, तरी वीज जाणाऱ्या गावात तीन-चार जादा बॅटऱ्यांचा खर्च बॉडीच्या किमतीतच धरणे शहाणपणाचे ठरते.

महागड्या बॉडीचा खरा वेगळेपणा स्टॅक्ड सेन्सरमध्ये, म्हणजे मागे जलद स्मृतीचा थर जोडलेल्या सेन्सरमध्ये आहे. साधा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. स्टॅक्ड सेन्सर इतका वेगाने वाचला जातो की निकॉनने २०२१ च्या झेड९ मधून यांत्रिक शटरच काढून टाकले. तथापि ५० हर्ट्झच्या विजेवरील दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असल्याने यांत्रिक शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले की स्वस्त बॉडीतही हा दोष बराचसा टळतो, आणि बँडबाजाच्या गजरात निःशब्द शटरची आवश्यकता तरी कोणाला भासणार! कीर्तन-पारायणाचे किंवा मेळघाटातील वन्यजीवांचे काम नियमित करणाऱ्यास ती भासते, एवढे मान्य करावे लागेल.

लग्नाच्या कामात तडजोड न करण्याजोगी गोष्ट म्हणजे दोन कार्डांची सोय, कारण एक कार्ड बिघडले तर मंगलाष्टका पुन्हा होत नाहीत. आणि ही सोय २०२० च्या निकॉन झेड६ टू किंवा कॅनन आर६ सारख्या मधल्या श्रेणीतही मिळते. म्हणून तशी एक बॉडी, एफ/२.८ ची एक चांगली झूम लेन्स आणि राखीव म्हणून जुना डीएसएलआर, ही मांडणी एकाच महागड्या बॉडीपेक्षा उजवी ठरते. जुन्या लेन्स वापरायच्या असतील तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर पूर्ववत चालतात, पण निकॉनची घरोघरी दिसणारी ५० मिलिमीटर १.८डी एफटीझेड अडॅप्टरवर हातानेच फोकस करावी लागते, कारण तिच्यात स्वतःची मोटर नाही. किमतीतील १८ टक्के जीएसटीचा परतावाही केवळ नोंदणीकृत व्यावसायिकालाच मिळतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला ती सगळी रक्कम लग्नांच्या ऑर्डरमधूनच वसूल करावी लागते.