सीडीत मुरलेला रेडॉन

८ मार्च १९७९ रोजी फिलिप्सने आइंडहोवनमध्ये पत्रकारांना कॉम्पॅक्ट डिस्क वाजवून दाखवली. सुई नाही, खरखर नाही; गाणं वाचत होता लेझर. डिस्कच्या पृष्ठभागावर हा झोत पसरट, जवळपास पाऊण मिलिमीटरचा असतो. तो एकवटतो १.२ मिलिमीटर आत, गाण्याच्या खड्ड्यांवर. म्हणूनच धूळ आणि किरकोळ ओरखडे त्याला दिसत नाहीत.

त्याला न दिसणारी आणखी एक नोंद सीडीत असते, घरातल्या रेडॉनची. जमिनीतल्या युरेनियमपासून बनणारा हा किरणोत्सारी वायू सीडीच्या पॉलिकार्बोनेटमध्ये मुरतो. त्याचा अणू फुटला की अल्फा कण सुटतो आणि वाटेतल्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. हा माग जेमतेम काही नॅनोमीटर रुंद!

बल्गेरियातल्या सोफिया विद्यापीठाच्या दोब्रोमिर प्रेसियानोव यांनी जुन्या सीडींमधून तो वाचायची रीत बसवली. आधी रसायनाने सुमारे ८० मायक्रॉनचा थर झिजवायचा. बाहेरच्या हवेतले रेडॉनचे अल्फा कण इतके खोल जात नाहीत, त्यामुळे उरतो तो मुरलेल्या रेडॉनचाच हिशेब. मग अल्कलीत बुडवून उच्च दाबाची प्रत्यावर्ती वीज लावायची. तुटक्या साखळ्यांच्या जागी अल्कली भराभर शिरते आणि माग नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा फुगतो. मोजायला ऑफिसातला साधा स्कॅनर पुरतो.

असेच माग टिपायला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने न्यूट्रॉन मोजायच्या बॅजमध्ये सीआर-३९ वापरलं. चष्म्याच्या काचांचं हेच ते प्लॅस्टिक. नुसत्या अल्कलीने त्यात उमटणारे खड्डे काही मायक्रॉनचे, म्हणून सूक्ष्मदर्शक लागतो. त्याला एका वेळी दिसतो मिलिमीटरभर तुकडा, आणि प्लॅस्टिक थोडं वाकलेलं असलं की दर तुकड्याला फोकस नव्याने जुळवावा लागतो. सगळा वेळ तिथेच जातो.

यावर एक तोडगा म्हणजे तिरपा प्रकाश. सपाट भाग काळा राहतो, खड्डे चमकतात. एकेक न मोजता एकूण चकाकीवरून गर्दीचा अंदाज बांधता येतो. पण ओरखडेही तितकेच चमकतात आणि खड्डे एकमेकांवर चढले की हिशेब चुकतो. त्यापेक्षा भिंगाचं काम आधीच रसायनावर सोपवणारी बल्गेरियन युक्ती मला जास्त पटते. शिवाय जुनी सीडी कित्येक वर्षांची सरासरी सांगते; रेडॉनचे नेहमीचे डिटेक्टर घरात टांगतात ते काही महिनेच. मात्र तपासायला दिलेली डिस्क पुन्हा वाजत नाही.